झुंबरबाईचा कोबा

आमच्या गल्लीत पहिला सिमेंटचा कोबा झुंबरबाईच्या दारात पडला. फाटकापासून ओसरीच्या पायरीपर्यंत, जीप आत येऊन बाजूनं माणूस चालेल एवढा रुंद, आणि वरून घोटून गुळगुळीत केलेला. अठ्ठ्याण्णव साल असेल. तोवर पिंपळगाव रेणुकाईतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांच्या दारात काळी मातीच होती, फार तर शेणानं सारवलेली. कोबा झाला आणि त्या घरात वाद सुरू झाला की हा कोबा नेमका कुणाचा? मच्छिंद्रभाऊ म्हणायचे, जीपचा. झुंबरबाई म्हणायची, माझा. मी समोरच्या घरातली सून. त्या वादाचा एकही शब्द माझ्या कानातून सुटला नाही, आणि सुटावा अशी माझी इच्छाही नव्हती.

मच्छिंद्रभाऊंचं म्हणणं काही खोटं नव्हतं. त्यांची काळी-पिवळी जीप भोकरदनच्या लाइनीवर चालायची. पावसाळ्यात ती रात्री अंगणात उभी केली की सकाळी चाकं चिखलात रुतलेली असायची. मग गल्लीतली माणसं गोळा करा, धक्का द्या, तोवर स्टँडवर त्यांचा नंबर गेलेला. दरवर्षी हा तमाशा. त्याला कंटाळून त्यांनी गवंडी बोलावला होता.

झुंबरबाईचं म्हणणं समजायला मात्र थोडं मागं जावं लागतं.

ती लग्न होऊन आली एक्क्याऐंशीत, शहागडहून. मच्छिंद्रभाऊ तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर क्लीनर होते, पुढं ड्रायव्हर झाले. आठ-आठ दिवस बाहेर. घरी यायचे ते ऑइलनं माखलेले कपडे घेऊन. ते कपडे झुंबरबाई धुवायची. सोडा लाव, राख लाव, दगडावर आपट, तरी वास जायचा नाही. कपड्यांचा वास पाण्याला, पाण्याचा वास हाताला. तिच्या नखांच्या कडा कायम काळ्या. आम्ही शेतातली माणसं, आमच्या नखात माती असते. पण मातीला कुणी नावं ठेवत नाही.

चैत्र लागला की गल्लीत कुरडया सुरू होतात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटून त्याचा चीक काढायचा, तो मोठ्या पातेल्यात शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कपड्यावर पाडायचा. एकटीदुकटीचं काम नाही. आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं, असं सगळ्या मिळून करतात. झुंबरबाई पहिल्याच वर्षी उत्साहानं पदर खोचून सोऱ्याजवळ बसली, तर साळूबाई म्हणाल्या, "तू चुलीकडं बस बाई. तुझ्या हाताला ऑइलचा वास येऊन राह्यला. चिकाला लगेच वास लागतो."

साळूबाई म्हणजे आमच्या गल्लीचं हायकोर्ट. त्यांनी म्हटलं की झालं. झुंबरबाई उठली आणि चुलीपाशी जाऊन लाकडं सारत बसली. त्यानंतर सतरा-अठरा वर्षं ती चुलीपाशीच बसली. कुणी तिला पुन्हा बोललं नाही, आणि कुणी पुन्हा बोलावलंही नाही. तिच्या घरच्या कुरडयासुद्धा दुसरीच बाई पाडायची. साळूबाई मनानं वाईट होत्या असं मी म्हणणार नाही, पण काही माणसं एकदा बोलतात आणि विसरून जातात, आणि ज्याला बोलतात त्याचा जन्म त्यात जातो. मला त्याचा फार राग यायचा.

तर कोबा पडला तेव्हा झुंबरबाईच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मला तिनं सांगितली, ती सांगताना तिचा आवाज बारीक झाला होता.

"शिवकन्या, एवढी साफ जागा आपल्या गल्लीत कुणाकडं हाय? माती न्हाई, खडा न्हाई. औंदा समद्या गल्लीच्या कुरडया माझ्या दारात वाळायच्या. माझ्या दारात म्हणल्यावर मला कोण चुलीकडं बसवतंय?"

कोबा ओला होता तोवर ती काठी घेऊन राखण करत होती. कुत्रं, कोंबडी, गल्लीतली पोरं, कुणालाही पाय ठेवू दिला नाही. मच्छिंद्रभाऊंनाही मागच्या दारानं यायला लावलं. गवंड्यानं सांगितलं होतं त्याच्या दुप्पट दिवस पाणी मारलं. मग एका संध्याकाळी जीप आत आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आख्ख्या गल्लीला झुंबरबाईची किंकाळी ऐकू आली. मला वाटलं साप निघाला.

कोब्याच्या मधोमध ताटाएवढा काळा डाग पडला होता.

जीप जुनी होती, कितव्या मालकाची ते मच्छिंद्रभाऊंनाही माहीत नव्हतं. इंजिनातून ऑइल गळायचं. मातीत गळत होतं तोवर माती पिऊन टाकत होती, कुणाला कळत नव्हतं. झुंबरबाईनं त्या डागावर राख टाकली, वाळू टाकली, सोडा टाकून घासलं, रॉकेलनं पुसलं. एवढंच काय, सवयीनं शेणाचा सडाही टाकून बघितला. डाग थोडा फिका झाला, गेला नाही. मग ती नवऱ्यावर घसरली.

"गाडी बाहेर लावा. रस्त्यावर."

"रस्त्यावर? चाकं रुतत्यात म्हणून तर कोबा केला ना बाई!"

"मंग गळती बंद करा."

"इंजिन खाली उतरवावं लागतं त्याला. आठवडाभर गाडी उभी राहील. तवर माझा नंबर कोण धरून बसणार हाय?"

शेवटी झुंबरबाईनंच तोड काढली. गोडेतेलाचा रिकामा डबा आडवा कापून त्याचं पसरट भांडं केलं आणि ते गाडीखाली ठेवायला लागली. डबा बरोबर गळतीखाली यावा म्हणून कोब्यावर गेरूनं खूण केली. संध्याकाळी जीप आली की ती फाटकात उभी राहून हात हलवायची, "येऊ द्या, येऊ द्या, डावं घ्या, बस्स!" चाक खुणेवर आलं की ती डबा सरकवायची. भोकरदन स्टँडवर एवढी शिस्त नसेल. आम्ही दारात उभ्या राहून हसायचो, पण कोब्यावर दुसरा डाग पडला नाही.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण सगळं त्यावरच अडलं. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायला एक सळई असते. ती या जीपची मागच्या मालकाच्या काळातच मोडली होती. मीटर तर सगळे मेलेलेच. म्हणून मच्छिंद्रभाऊंनी आपलं वेगळंच माप बसवलं. सकाळी उठले की वाकून डब्यात बोट बुडवायचे. रात्रभरात जेवढी बोटं गळलं असेल, त्या हिशेबानं पेल्यानं नवं ऑइल इंजिनात ओतायचे. दिवसा चालताना गळणारंही त्यातच धरलेलं. ते माप चांगलं चाललं होतं. पण त्यांनी ते बायकोला कधी सांगितलं नाही. गाडीतलं बायकांना काय सांगायचं, असा त्यांचा स्वभाव. झुंबरबाईला वाटायचं, नवरा डबा जाग्यावर आहे की नाही ते बघतोय. ते गेले की ती डब्यातलं ऑइल मागच्या बाजूला एका कॅनमध्ये ओतून ठेवायची.

असा हिवाळा सरत आला. मग माघात कधीतरी साळूबाईंच्या चौकटीला वाळवी लागली.

जळकं ऑइल लाकडाला लावलं की वाळवी येत नाही, हे आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. साळूबाई एका सकाळी हातात तांब्या घेऊन झुंबरबाईच्या फाटकात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "झुंबर," त्या म्हणाल्या, "थोडं ऑइल असलं तर दे बाई."

झुंबरबाईनं त्यांना आत बोलावलं, चहा पाजला, तांब्या काठोकाठ भरून दिला. त्या दिवशी ती मला तीन वेळा येऊन सांगून गेली की साळूमावशी आल्ती. मी म्हटलं, "तुझ्यासाठी न्हाई आली, ऑइलसाठी आली." बोलले आणि तिचं तोंड बघून मलाच वाईट वाटलं. तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं?

साळूबाईंच्या मागोमाग द्वारकाबाई आली, तिला बाजेच्या पायांना लावायचं होतं. मग कुणाला गोठ्याच्या खांबाला, कुणाला बैलगाडीच्या आखाला. कॅन संपला. मग बाया पहाटे सडा टाकायच्या वेळेला यायला लागल्या आणि झुंबरबाई सरळ गाडीखालचा डबा ओढून त्यांच्या वाटीत, तांब्यात ओतायला लागली. मच्छिंद्रभाऊ शेवटची फेरी करून दमून झोपलेले असायचे. ते उठेपर्यंत डबा पुन्हा जाग्यावर. तळाला राहील तेवढंच राहायचं.

आणि त्या बाया नुसतं ऑइल घेऊन जायच्या नाहीत. फाटकात टेकायच्या, बोलायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या म्हशीनं दूध चोरलं. कोब्यावर पाय टेकून म्हणायच्या, "किती गार लागतं गं." झुंबरबाईचा चेहरा त्या दिवसांत बदलला होता. ती चालायची सुद्धा वेगळी. एका सकाळी द्वारकाबाईच म्हणाली, "औंदा कुरडया हितंच घालू की. एवढी साफ जागा असून घराच्या धाब्यावर कशाला चढायचं?" साळूबाईंनी मान हलवली. म्हणजे निकाल लागला.

इकडं मच्छिंद्रभाऊ डब्यात बोट बुडवत होते आणि बोटाचं नखही पुरतं भिजत नव्हतं. ते खूश. "झुंबर," ते एकदा म्हणाले, "गळती आपोआप कमी होऊन राह्यली बग. देवीला बोललो होतो मी." पुढच्या मंगळवारी त्यांनी रेणुकामातेला नारळ फोडला आणि स्टँडवर सगळ्यांना खोबरं वाटलं. झुंबरबाईला माहीत होतं की गळती कमी झालेली नाही, ऑइल गल्लीत जातंय. पण तिनं विचार केला, माणूस खूश आहे, राहू दे. उगाच सांगितलं आणि उद्यापासून देऊ नको म्हणाला तर? त्यात नुकसान काय आहे, गळलेलंच तर आहे.

मच्छिंद्रभाऊ नवं ऑइल अर्ध्यानं ओतायला लागले. मग त्याच्याही अर्ध्यानं.

पाडवा झाला. कुरडयांचा दिवस ठरला. घरोघरी गहू भिजले, वाटून चीक काढला, रात्रभर बसायला ठेवला. उद्या सकाळी झुंबरबाईच्या दारात मोठं पातेलं चढणार होतं. तिनं कोबा दोनदा धुतला. तिसऱ्यांदा धुवायला लागली तेव्हा मी तिच्या हातातून खराटा काढून घेतला.

त्याच दिवशी दुपारी भोकरदनच्या रस्त्यावर जीप बंद पडली. नुसती बंद पडली नाही. बसलेल्या माणसांनी सांगितलं, आधी खडखड झालं, मग धाडकन आवाज आला आणि गाडी झटका मारून उभीच राहिली. माणसं उतरून चालत गेली. मच्छिंद्रभाऊंनी कुणाचा तरी ट्रॅक्टर बघून दोर बांधला आणि ऊन उतरायच्या सुमाराला जीप दारात आणली. सवयीनं चाक बरोबर गेरूच्या खुणेवर. भोकरदनहून मिस्त्री सोबत आला होता. गल्ली जमा झाली. मिस्त्री खाली शिरला, बोल्ट सोडला. चार काळे थेंब पडले, आणि बस्स.

"चेंबर कोरडं ठाक हाय," मिस्त्री म्हणाला. "मच्छिंद्रशेठ, ऑइल टाकायचं बंद केल्तं का काय?"

"टाकून राह्यलो की! डबा बघूनच टाकायचो. रात्रीत जेवढं गळलं त्या मापानं. दोन महिने झाले, नखभर सुद्धा गळत न्हाई."

झुंबरबाई ओसरीवर चहाचा कप घेऊन उभी होती. मी तिच्याकडंच बघत होते. तिला तेव्हा कळलं. माणसाच्या तोंडावरचं रक्त उतरतं म्हणतात ते मी त्या दिवशी बघितलं. आम्ही बायाही सगळ्या तिथंच होतो, आम्हालाही कळलं, आणि एकजण बोलेल तर शपथ. साळूबाई पदर तोंडाला लावून जमिनीकडं बघत होत्या. झुंबरबाई गप्प बसली असती तर काही झालं नसतं. जुनी गाडी, गेली म्हणून विषय मिटला असता. मच्छिंद्रभाऊंनी देवीला दोष दिला असता आणि देवीनं तो सोसला असता.

झुंबरबाईनं कप पायरीवर ठेवला. "गळत होतं," ती म्हणाली. "रोज गळत होतं. तुमी उठायच्या आधी मी वाटत होते. गल्लीत. दारं-चौकटींना."

मिस्त्री गाडीखालून अर्धा बाहेर आला होता, तो तसाच थांबला. मला वाटलं आता मच्छिंद्रभाऊ हात उचलतात. एवढ्या वर्षांत कधी उचलला नव्हता, पण एवढ्या वर्षांत त्यांची गाडीही कधी मेली नव्हती. त्या गाडीसाठी ते दुसऱ्याच्या ट्रकवर जन्म काढून आले होते.

ते नुसतं म्हणाले, "कुणाकुणाला दिलं?"

तिनं नावं सांगितली. एकही लपवलं नाही.

मच्छिंद्रभाऊ फाटकातून बाहेर पडले. आधी द्वारकाबाईच्या घरी गेले आणि ओसरीवरच्या बाजेचे पाय वाकून बघितले. मग शेजारच्या गोठ्यात जाऊन खांबावरून हात फिरवला. गल्ली त्यांच्या मागं. शेवटी साळूबाईंच्या दारात आले. चौकट काळीभोर झाली होती, नव्या लाकडासारखी चमकत होती. त्यांनी वरपासून खालपर्यंत तळहात फिरवला, नखानं खरवडून बघितलं आणि साळूबाईंना म्हणाले, "चांगलं मुरलंय, मावशी. धा-बारा वर्सं तरी वाळवी लागायची न्हाई."

साळूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघितलं, त्यांचा मुलगा गेला तेव्हाही त्या आमच्यासमोर रडल्या नव्हत्या. "बस बाबा," त्या कशाबशा म्हणाल्या, "पाणी तरी पी."

"बसत न्हाई. माणसं द्या चार. गाडी बाहेर काढायची हाय."

"कशाला? मिस्त्री हितंच खोलंल की."

"उद्या कुरडया हायेत ना," मच्छिंद्रभाऊ म्हणाले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. ती जीप पावसाळाभर रस्त्याच्या कडेला उभी राहिली. मच्छिंद्रभाऊ पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर बसले, त्याच लाइनीवर, त्याच स्टँडवर, जिथं त्यांनी खोबरं वाटलं होतं. लोकांनी टिंगल केली असणारच. दिवाळीनंतर कुठं इंजिन उतरवलं गेलं आणि एकदाची ती गळतीही बंद झाली. पण त्या संध्याकाळी त्यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. गल्लीतल्या माणसांनी मेलेली जीप ढकलत फाटकाबाहेर नेली. मिस्त्रीनं सोडलेले ते चार थेंब मच्छिंद्रभाऊंनी स्वतः गुडघ्यावर बसून सोड्यानं घासून काढले.

सकाळी आम्ही पातेलं चढवलं. पाणी उकळलं, हिंग-मीठ पडलं, चीक ओतून हाटायला घेतला. कोब्यावर धुतलेली पांढरी धोतरं अंथरली. झुंबरबाई मात्र बाहेर येईना. आत भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी दोनदा गेले, उठली नाही. "कोणत्या तोंडानं येऊ?" एवढंच म्हणाली. "घराची भाकर गल्लीत वाटली मी. कशासाठी, तर चार बायांनी दारात यावं म्हणून."

मग साळूबाई आत गेल्या. काय बोलल्या मला ऐकू आलं नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. बाहेर आल्या त्या झुंबरबाईला दंडाला धरूनच. तिला कोब्याच्या मधोमध बसवलं, सोऱ्यात गरम चीक भरला आणि सोऱ्या तिच्या हातात दिला. ती उठून चुलीकडं जायला लागली तर खांदा दाबून खाली बसवली.

झुंबरबाईनं आपले हात नाकाशी नेले. आमच्या सगळ्यांसमोर हुंगले.

"येऊ दे वास," साळूबाई म्हणाल्या. "माझ्या चौकटीला बी तोच येतो. पाड तू."

तिनं सोऱ्या दाबला. पहिली कुरडई वाकडी आली, दुसरी सरळ आली, तिसरी अशी गोल आली की द्वारकाबाईनं मान वाकडी करून बघितली. मच्छिंद्रभाऊ फाटकाबाहेर, दुसऱ्याच्या गाडीवर जायला निघालेले, क्षणभर थांबून बघत होते. झुंबरबाईनं त्यांना बघितलं आणि तिचा बांध फुटला. हात थांबले नाहीत, पण डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून थेट खाली कुरडयांवर पडायला लागलं.

"रडू नको बाई," साळूबाई म्हणाल्या, आणि त्यांचाही आवाज धड नव्हता. "चिकात मीठ आधीच घातलंय."